वरचे ४० रुपये

खिशात १० रुपये आणि पोटात सकाळचा नुसता चहा. एवढ्या भांडवलावर तुम्ही काळात मागं निघालात.

१९७४. पुण्याचा धान्यबाजार. क्विंटलाची पोती वाहून पाठ भरून आलीय. बहात्तरच्या दुष्काळाचे चटके अजून ताजे आहेत. डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीनं 'कष्टाची भाकर' नुकतीच सुरू केलीय. इथं नफा धरत नाहीत आणि फुकटही वाढत नाहीत. पैसे मोजायचे असतात, म्हणून आणखी एक भाकरी मागताना तुमची मान खाली जात नाही.

१९९५. आता झुणका-भाकर १ रुपयात. उरलेला खर्च सरकारच्या माथी. आणखी काही वर्षं पुढं सरकलात की टपरी तीच दिसते, पण अनुदान आटलंय आणि कढईत वडे तळताहेत.

फेब्रुवारी २०२०, दुपारचे बारा. पिंपरीचं वायसीएम रुग्णालय. भाऊ वॉर्डात आहे. तुम्ही चाकणच्या कंपनीत ठेक्यावर, म्हणजे आजचा खाडा पगारातून जाणार. २६ जानेवारीपासून राज्यात सुरू झालेल्या शिवभोजन थाळीच्या रांगेत तुम्ही उभे राहता.

"नाव सांगा, दादा. जरा इकडं बघा."

ताई मोबाइलवर तुमचा फोटो काढतात. फोटो ॲपवर चढला तरच थाळी हिशेबात धरली जाते. दोन चपात्या, वाटीभर भाजी, वरण, भाताची मूद. चपाती ३० ग्रॅमची. रात्रपाळी करणाऱ्याला ती दोन घासांची.

"अजून एक मिळंल का?"

"मोजून असतात, दादा. वरण घ्या थोडं."

शहरातल्या या थाळीची किंमत ५० रुपये धरलीय. तुम्ही १० दिलेत. वरचे ४० सरकार केंद्रचालकाला देणार. ते येईपर्यंत तेल, डाळ, गॅस आणि पोळ्या लाटणाऱ्या बायकांची मजुरी त्यानं आपल्या खिशातून भागवायची.

एप्रिल २०२०. टाळेबंदी. चाकणचे कारखाने बंद, ठेकेदार फोन उचलत नाही. थाळी आता ५ रुपयांना, तीही पार्सल. वर्षभरानं, दुसऱ्या लाटेत, ती मोफत होते. पुढं पुन्हा १० रुपये.

२०२५. राज्यभरातले केंद्रचालक महिनोन्‌महिने थकलेल्या बिलांसाठी आंदोलन करताहेत. कुणी दागिने गहाण टाकावेत, कुणी केंद्रच बंद करावं, अशी पाळी आलीय. खिशातली १० ची नोट तुम्ही पुढं करता. तुमचा वाटा रोख आहे. १९७४ पासून तो तसाच रोख आहे. झुणका-भाकर बुडाली ती गिऱ्हाइकाच्या उधारीनं नव्हे. ही थाळी उद्या राहील की नाही, तेही तुमच्या नोटेवर नाही, मंत्रालयातून वेळेवर निघणाऱ्या ४० रुपयांवर ठरणार आहे.