बाटली हलवायची की नाही? सांडपाण्याच्या बिलामागचा इतिहास

एम.एस्सी. झाल्यावर काही महिने मी एका प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक होते. एकदा एका कारखान्यातला माणूस सांडपाण्याचा नमुना घेऊन आला. मी सवयीप्रमाणे बाटली उचलून हलवायला लागले, तर तो घाईघाईने म्हणाला, "मॅडम, हलवू नका, तळाचा गाळ वर येतो. आकडा वाढला की साहेब ओरडतात." शेजारच्या टेबलावरचे सिनिअर सर तिथूनच म्हणाले, "अहो, हलवल्याशिवाय नमुना सारखा कसा होणार?"

मला तेव्हा वाटलं, सर बरोबर आणि तो माणूस चलाख. पीएच.डी.साठी वाचायला लागले तेव्हा कळलं की या प्रश्नाचं उत्तर इतकं सरळ नाही. "हलवायची की नाही" यावर इंग्लंडमध्ये एक अख्खं बिल उभं आहे, आणि त्यात उत्तर "दोन्ही" असं आहे. आज त्या बिलाची गोष्ट सांगते. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना यातून एक सवय लागावी, एवढीच इच्छा आहे. पुस्तकात सूत्र दिसलं की ते नुसतं पाठ करू नका, ते कुणाच्या भांडणातून आलं ते विचारा.

भांडण नेमकं काय होतं?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या शहरांनी गटारं बांधली. खर्च निघायचा तो 'रेट्स' नावाच्या स्थानिक करातून. हा कर आपल्या घरपट्टीसारखा, म्हणजे मालमत्तेच्या भाडेमूल्यावर. घरांच्या बाबतीत हे चालून जायचं, कारण घरोघरचं सांडपाणी साधारण सारखंच असतं. पण चामडं कमावण्याचा कारखाना, दारूभट्टी, डेअरी यांचं काय? इमारत जुनी आणि स्वस्त असेल तर कर कमी. आणि त्याच इमारतीतून निघणारं पाणी मात्र शेकडो घरांइतकं काम प्रक्रिया केंद्राला लावणारं. ते काम कोणाच्या पैशानं व्हायचं? शेजारच्या घरांच्या.

१८७६ च्या नदी प्रदूषण प्रतिबंधक कायद्याने स्थानिक संस्थांना सांगितलं होतं की कारखान्यांना गटारात पाणी सोडायला सोय करून द्या, पण गटारांचं नुकसान होत असेल तर नको. या 'पण'चा अर्थ प्रत्येक गाव आपापल्या सोयीने लावायचं. पुढे १८९८ मध्ये सांडपाण्यावर रॉयल कमिशन नेमलं गेलं. त्याने १९०३ च्या तिसऱ्या अहवालात शिफारस केली की कारखान्यांचं पाणी घेणं हे स्थानिक संस्थांचं कर्तव्यच करावं. त्यावर कायदा यायला १९३७ उजाडलं. मध्ये ३४ वर्षं गेली. संशोधनाचे निष्कर्ष धोरणात उतरत नाहीत म्हणून आपण वैतागतो ना, तेव्हा हा आकडा आठवावा.

१९३७ च्या कायद्याने कारखानदाराला सार्वजनिक गटारात पाणी सोडण्याचा हक्क दिला. त्यासाठी आधी नोटीस द्यायची, स्थानिक संस्थेची संमती घ्यायची, आणि संस्था अटी घालू शकते, पैसेही मागू शकते. पण आधीच्या वर्षभरात जे कारखाने रीतसर पाणी सोडत होते त्यांना संमतीच्या अटीतून सूट मिळाली. धुलाई केंद्रांनाही सूट मिळाली. म्हणजे सगळ्यात जुने, बऱ्याचदा सगळ्यात घाण करणारे, बाहेरच राहिले. त्या सवलती काढायला १९६१ आणि १९७४ चे कायदे लागले.

मोगडेन

याच काळात पश्चिम लंडनच्या कडेला, आयल्सवर्थजवळ, मिडलसेक्स काउंटीने मोगडेन इथे एक मोठं मलप्रक्रिया केंद्र उभारलं. विखुरलेली अनेक छोटी केंद्रं बंद करून सगळा प्रवाह एका ठिकाणी आणायचा, अशी ती योजना होती आणि १९३६ च्या सुमारास केंद्र चालू झालं. त्या वेळी मिडलसेक्समध्ये नवे कारखाने धडाधड उभे राहत होते. ब्रेंटफर्डच्या ग्रेट वेस्ट रोडवर टायर, टूथपेस्ट, बटाट्याचे वेफर असं सगळं बनायचं. एवढ्या वेगवेगळ्या उद्योगांकडून "तुम्ही किती द्यायचे?" हे कुठल्या तत्त्वावर ठरवायचं? यावरची पद्धत आजही 'मोगडेन सूत्र' म्हणूनच ओळखली जाते आणि इंग्लंडमधल्या पाणी कंपन्या अजूनही ती वापरतात.

सूत्र वाचायला सोपं आहे. एका घनमीटरमागे चार रकमा मिळवायच्या:

पहिली, पाणी गटारातून वाहून आणण्याची.
दुसरी, प्राथमिक प्रक्रियेची.
तिसरी, जैविक प्रक्रियेची. ती गुणिले (तुमच्या पाण्याचा सीओडी भागिले शहराच्या सरासरी सांडपाण्याचा सीओडी).
चौथी, गाळ हाताळण्याची. ती गुणिले (तुमचे निलंबित घनपदार्थ भागिले शहराचे सरासरी निलंबित घनपदार्थ).

आता बाटलीकडे या. सूत्रातला सीओडी मोजायचा तो नमुना एक तास स्थिर ठेवून, वरच्या निवळलेल्या पाण्याचा. घनपदार्थ मात्र अख्ख्या नमुन्याचे, म्हणजे नीट ढवळून. असं का? कारण केंद्रातही हेच घडतं. पाणी आधी संथ टाकीत थांबतं, जड भाग खाली बसतो आणि गाळाच्या वाटेने जातो. वरचं पाणी जिवाणूंकडे जातं. सीओडीही ढवळून मोजला तर तळाशी बसणाऱ्या गाळाचे पैसे दोनदा लागतील, एकदा जैविक प्रक्रियेत आणि एकदा गाळात. म्हणजे बाटलीतला तो एक तास हा टाकीची नक्कल आहे. कारखान्यातला तो माणूस आणि आमचे सर, दोघेही अर्धे बरोबर होते!

आकडे घालून बघू

खालचे दर मी समजण्यासाठी घेतलेत, खऱ्या बिलातले नाहीत. समजा, चार रकमा १०, १०, १५ आणि १० रुपये. शहराचा सरासरी सीओडी लिटरमागे ४०० मिलिग्रॅम आणि घनपदार्थ ३००. मग सरासरी पाण्याला घनमीटरमागे ४५ रुपये पडतील.

एक डेअरी घ्या. सीओडी २०००, घनपदार्थ ३००. जैविक रक्कम पाचपट, म्हणजे ७५. एकूण १०५ रुपये.

डेअरीवाला म्हणाला, नळ सोडून पाणी पातळ करतो. सीओडी १००० झाला, घनपदार्थ १५०. आता दर ६२ रुपये ५० पैसे, पण पाणी दुप्पट. बिल १२५ रुपये. पातळ करून २० रुपये वाढले! सूत्राचा हा खरा गुण. आकार तीव्रतेवर दिसतो, पण आकारमानाने गुणल्यावर तो एकूण भारावर जातो, आणि जास्तीच्या पाण्याचे पहिले दोन हप्ते वर बसतात.

अमेरिकेत बऱ्याच शहरांची पद्धत वेगळी आहे. तिथे 'सामान्य घरगुती' तीव्रतेची एक रेषा ठरवतात आणि त्यावर जेवढं जाईल तेवढ्याला अधिभार लावतात. १९७२ च्या फेडरल कायद्याने, केंद्राचं अनुदान घेणाऱ्या शहरांनी वापराच्या प्रमाणात आकार घ्यावा अशी अट घातली आणि असे अधिभार पसरले. तिकडच्या बिलांत ८.३४ हा विचित्र गुणक दिसतो. ते एका अमेरिकन गॅलन पाण्याचं पौंडांतलं वजन, बाकी काही गूढ नाही.

मी आधी समजत होते की रेषेची पद्धत म्हणजे पातळ करणाऱ्यांना पळवाट. कागदावर मांडल्यावर चूक कळली. सामान्य पाण्याचा दर त्या रेषेपर्यंतची प्रक्रिया धरूनच ठरवला असेल आणि वरचा दर तोच असेल, तर रेषेच्या वर दोन्ही सूत्रांचं उत्तर एकच येतं. फरक पडतो रेषेच्या खाली. समजा, एका प्लेटिंगच्या कारखान्याचा सीओडी १०० आणि घनपदार्थ ६० आहेत. मोगडेनमध्ये त्याला २५ रुपये ७५ पैसे लागतील. रेषेच्या पद्धतीत पूर्ण ४५. एकात सौम्य पाण्याला सूट आहे, दुसऱ्यात नाही. बाजू घेण्याआधी एक उदाहरण सोडवून बघा, हे मी इथे शिकले.

मोजमाप बदललं की बिल बदलतं

सूत्रात मी सीओडी म्हटलं, पण १९३० च्या दशकात आजचा सीओडी नव्हताच. डायक्रोमेट घालून उकळण्याची पद्धत अमेरिकेत १९४९ मध्ये नीट बसली. त्याआधी काय वापरायचे?

बीओडी होता. रॉयल कमिशनच्या १९१२ च्या आठव्या अहवालाने पाच दिवसांच्या बीओडीला प्रतिष्ठा दिली. प्रसिद्ध '२०:३०' मानक तिथलंच, म्हणजे बीओडी २० आणि घनपदार्थ ३०. (आपल्याकडे हवामान उष्ण, म्हणून आता २७ अंशांवर तीन दिवस मोजतात.) नदीसाठी हे ठीक. पण बिलासाठी पाच दिवस थांबायचं, त्यात दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळायचे नाहीत, आणि पाण्यात विषारी धातू असेल तर जिवाणूच मरून आकडा उलट कमी यायचा!

म्हणून ब्रिटनमधल्या आकारणीत बराच काळ परमँगनेटची चार तासांची चाचणी चालली. कमिशनचे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज मॅक्गोवन यांच्या नावाची 'तीव्रता'ही त्यावरच बेतलेली होती: नायट्रोजनच्या साडेचारपट अधिक परमँगनेट मूल्याच्या साडेसहापट. यात गोम अशी की परमँगनेट सगळ्यांना सारखं वागवत नाही. फिनॉलसारख्या पदार्थांचं ते जोरात ऑक्सिडीकरण करतं, पण ॲसिटिक आम्लाला जवळजवळ हात लावत नाही. डायक्रोमेट मात्र दोघांनाही सोडत नाही. म्हणजे शहरानं अभिकर्मक बदलला, तर कारखान्यात काहीही न बदलता आंबवण्याच्या उद्योगाचं बिल एका दिशेला आणि डांबर-फिनॉलवाल्याचं दुसऱ्या दिशेला सरकणार. सीओडीचीही स्वतःची बाजू आहेच. लिग्निनसारखे पदार्थ जिवाणू सहज खात नाहीत, तरी त्यात मोजले जातात, आणि कागद कारखान्याला न झालेल्या जैविक प्रक्रियेचे पैसे पडतात.

१९७४ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये दहा प्रादेशिक जलप्राधिकरणं आली आणि हजाराहून जास्त स्थानिक संस्थांचं काम त्यांच्याकडे गेलं. गावोगावच्या पद्धतींच्या जागी एक समान सूत्र हवं होतं. मोगडेन हाताशी होतं, सीओडी दोन-तीन तासांत मिळत होता. सगळ्यात अचूक म्हणून नाही, तर तंट्यात टिकेल आणि रोज जमेल म्हणून ते जिंकलं, असं माझं वाचन आहे.

सूत्रात काय नाही?

वरचा प्लेटिंग कारखाना परत बघा. बिल सगळ्यात कमी, आणि त्याच्या क्रोमियमने जिवाणू मेले तर अख्खं केंद्र बसेल. तो धोका सूत्र बघतच नाही, तो संमतीच्या अटींवर सोडलेला असतो. क्षार, रंग, धातू यांना इथे किंमत नाही. ज्याला दर असतो तेच कमी करायला कारखाना धावतो, हे लक्षात ठेवा.

दुसरं, छेदात शहराची सरासरी आहे आणि दरांत केंद्राचा बराचसा स्थिर खर्च आहे. डेअरीने स्वतःकडे प्रक्रिया केली तर तिचं बिल घटतं. पण केंद्राचे पंप, टाक्या, पगार तेच राहतात. मग पुढच्या वर्षी दर वाढतो आणि तो उरलेल्यांवर पडतो. प्रदूषण कमी केलं की शेजाऱ्याचं बिल वाढतं, ही अडचण सूत्राच्या पोटातच आहे.

आणि आपल्याकडे?

मुंबईत मलनिःसारण आकार पाणीपट्टीच्या ठरावीक टक्क्यांनी लागतो, म्हणजे मोजलं जातं ते आत आलेलं पाणी. १९७७ चा पाणी उपकर हा गटाराचा आकार नव्हता. तोही वापरलेल्या पाण्यावरच होता, पण त्यात एक बीज होतं. ज्या उद्योगांचं प्रदूषण जैविकरीत्या सहज विघटित होत नाही, त्यांना दर जास्त, आणि प्रक्रिया करणाऱ्याला २५ टक्के सूट. २०१७ मध्ये जीएसटीबरोबर तो उपकर गेला. आता औद्योगिक वसाहतीतल्या सामायिक प्रक्रिया केंद्रात सभासदांचा वाटा घनमीटरवर ठरवायचा की सीओडीवरही, हा मिडलसेक्सचाच प्रश्न आहे, फक्त मळीच्या, रंगाच्या आणि औषध कारखान्यांच्या पाण्यासह.

तुम्हाला यावर काम करायचं असेल तर तीन प्रश्नांपासून सुरू करा. नमुना कसा घेतला? छेदात कोणाची सरासरी आहे? आणि कोणत्या पदार्थाला दरच नाही? मी माझ्या प्रबंधात सध्या पहिल्याच प्रश्नावर अडकले आहे. तो माणूस पुन्हा भेटला तर त्याला सांगेन, दोन बाटल्या आणा. एक हलवू, एक तासभर तशीच ठेवू.