संयोग आणि शोध : मोटेपासून न्यायालयापर्यंत

विजेचे पंप येण्यापूर्वी अंबडच्या परिसरात, मराठवाड्यात सर्वत्र चाले तशीच, सोंडेची मोट चालत असे. चामडे, दोर, लाकडी चाक, धावेवर उतरणारे बैल, यांपैकी एकही वस्तू नवी नव्हती. परंतु मोटेचा नाडा वरच्या चाकावरून आणि सोंडेचा सोंदूर खालच्या कण्यावरून घेऊन दोन्ही एकाच जुवाला बांधले, की वर येताना दुमडलेली सोंड थारोळ्याशी येताच सरळ होई व पाणी आपोआप पडे. मोट रिकामी करण्यास काठावर दुसरा माणूस उभा करावा लागत नसे. हा गुण सुट्या भागांत कोठेच नव्हता. तो जुळणीतून उत्पन्न झाला.

ज्ञात भागांच्या जुळणीस शोध केव्हा म्हणावे, हाच प्रश्न मिर्झापूरच्या भांड्यांच्या धंद्यातून सर्वोच्च न्यायालयापुढे आला. लेथवर फिरणारे भांडे निसटून उडे व कारागिरास इजा होण्याचे भय असे. हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीजने १९५१ मध्ये समोरून दाब देऊन भांडे पक्के धरणाऱ्या योजनेचे पेटंट मागितले व ते मिळाले. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी ते रद्द केले, खंडपीठाने उचलून धरले आणि सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर १९७८ रोजी पुन्हा रद्द ठरविले. संयोगातून नवा परिणाम, अथवा अधिक चांगली वा स्वस्त वस्तू निघाली पाहिजे. शिवाय तो कारखान्यातील नेहमीच्या सुधारणेहून अधिक असला पाहिजे, ही त्या निर्णयाची कसोटी. कारागिराची सुरक्षितता हा लाभ खराच होता. परंतु उपयुक्तता म्हणजे कल्पकता नव्हे, हा भेद न्यायालयाने योग्यच राखला.

मात्र ही कसोटी लावणे बोलण्याइतके सोपे नाही. जुळणी एकदा डोळ्यांसमोर आली, की ती कोणासही सुचली असती असे वाटू लागते. सोंदूर पाहिल्यावर मोटेचेही तसेच वाटते. म्हणून परीक्षकाने शोधापूर्वीच्या जाणकार कारागिराच्या जागी स्वतःस ठेवावे लागते.

पुण्याच्या बजाज ऑटोने लहान व्यासाच्या इंजिनात दोन स्पार्क प्लग बसविण्याच्या पेटंटावरून टीव्हीएसशी वाद मांडला, तेव्हा हीच अडचण पुन्हा उभी राहिली. दोन प्लग जुने, लहान इंजिनही जुने. मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००८ मध्ये दिलेला अंतरिम मनाईहुकूम मे २००९ मध्ये खंडपीठाने उठविला. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला हिशेब ठेवून विक्री करू दिली आणि खटला त्वरित चालविण्यास सांगितले. पुढे २०१९ मध्ये तडजोड झाली. तो संयोग उघड होता की नाही, याचा अंतिम निवाडा झालाच नाही.