टिक्झमध्ये एक प्लस की दोन? सापेक्ष निर्देशकांनी रेषा कशा काढतात?

गणिताच्या प्रश्नपत्रिकेत जिन्याची एक आकृती आहे. तीन पायऱ्या, प्रत्येक एक सेंटिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटर उंच. छपाईच्या आधी निरोप येतो, पहिली पायरी दीड सेंटिमीटर रुंद करा. बदल एका पायरीचा आहे. पण आकृती कशी लिहिली आहे, यावर ठरतं की एक आकडा बदलायचा की सहा. आणि सहा आकड्यांपैकी एक जरी बदलायचा राहिला, तर चुकीची आकृती थेट विद्यार्थ्यांच्या हातात जाते.

ही आकृती माऊसने काढलेली नाही, कोडने लिहिलेली आहे. अशा वेळी कामाला येतात ते सापेक्ष निर्देशक.

टिक्झ म्हणजे काय?

डोनाल्ड क्नुथ यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली तयार केली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर लाटेक उभं केलं. गणित, भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्रातले असंख्य प्रबंध, पुस्तकं आणि प्रश्नपत्रिका आज लाटेकमध्ये तयार होतात.

या लाटेकमध्ये आकृत्या काढण्याचं साधन म्हणजे टिक्झ. ते जर्मनीतले संगणकशास्त्रज्ञ टिल टांटाऊ यांनी तयार केलं. स्वतःच्या पीएचडी प्रबंधातल्या आकृत्यांसाठी त्यांनी एक छोटं पॅकेज लिहिलं होतं, त्यातूनच हे वाढत गेलं. टिक्झ हे नाव एका जर्मन वाक्याचं लघुरूप आहे. त्या वाक्याचा अर्थ 'टिक्झ हा चित्र काढण्याचा प्रोग्राम नाही' असा होतो. त्यात थट्टा आहे, पण तथ्यही आहे. इथे तुम्ही चित्र काढत नाही, ते कसं काढायचं हे लिहून सांगता.

पुढची उदाहरणं वाचायला सोपी जावीत म्हणून अंक देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये आज्ञा आणि अंक इंग्रजीतच टाइप करावे लागतात. रेषेसाठी 'ड्रॉ' ही आज्ञा असते, शेवटी अर्धविराम येतो. दोन बिंदूंमधल्या दोन आडव्या रेघांचा अर्थ 'सरळ रेषा काढ' असा आहे. एकक लिहिलं नसेल, तर टिक्झ आकडा सेंटिमीटरमध्ये धरतं.

निरपेक्ष निर्देशक: प्रत्येक बिंदूचा पूर्ण पत्ता

शाळेतल्या आलेख कागदावर प्रत्येक बिंदू आरंभबिंदूपासून मोजतात. निरपेक्ष निर्देशक म्हणजे नेमकं हेच. ठिपक्यांच्या रांगोळीत आधी सगळे ठिपके मांडून मग ते जोडतात, तशी ही पद्धत आहे. आपला जिना या पद्धतीने असा लिहावा लागेल:

(०,०) -- (१,०) -- (१,१) -- (२,१) -- (२,२) -- (३,२) -- (३,३)

आता पहिली पायरी दीड सेंटिमीटर करायची, तर पुढचे सगळे बिंदू अर्धा सेंटिमीटर उजवीकडे सरकतात. म्हणजे सुरुवातीचा सोडून सहाही बिंदूंचा पहिला आकडा बदलायचा. शिवाय नुसता कोड वाचून हा जिना आहे, हे पटकन कळत नाही.

सापेक्ष निर्देशक: 'इथून पुढे किती'

आपण रस्ता सांगताना अक्षांश-रेखांश सांगत नाही. 'चौकातून उजवीकडे वळा, मग शंभर पावलं सरळ' असं सांगतो. सापेक्ष निर्देशकही असेच चालतात. कंसाआधी दोन प्लस चिन्हं दिली की टिक्झ मागच्या बिंदूपासून पुढचा बिंदू मोजतं:

(०,०) -- ++(१,०) -- ++(०,१) -- ++(१,०) -- ++(०,१) -- ++(१,०) -- ++(०,१)

एक उजवीकडे, एक वर, पुन्हा एक उजवीकडे, एक वर. हा जिना आहे, हे वाचतानाच समजतं. पहिली पायरी रुंद करायची असेल, तर पहिल्या ++(१,०) च्या जागी ++(१.५,०) लिहायचं. बाकी जिना आपोआप सरकतो. डावीकडे किंवा खाली जायचं असेल, तर आकड्याआधी उणे चिन्ह द्यायचं.

अख्खी आकृती उचलून दुसरीकडे न्यायची असेल, तर टिक्झमध्ये त्यासाठी वेगळी सोय आहे. ती निरपेक्ष निर्देशकांनाही चालते. सापेक्ष पद्धतीचा खरा फायदा आकृतीच्या आतला एखादा भाग बदलताना होतो.

मग एका प्लसचं काय?

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. टिक्झमध्ये एका प्लसचाही सापेक्ष निर्देशक असतो, पण त्याचा अर्थ वेगळा आहे.

जमिनीत एक खुंटी रोवली आहे आणि तिच्यापासून फीत लावून मोजमाप चाललं आहे, अशी कल्पना करा. ++ म्हणजे नव्या बिंदूवर जायचं आणि खुंटीही तिथेच रोवायची. पुढचं माप नव्या जागेपासून. + म्हणजे पेन नव्या बिंदूवर जाईल, पण खुंटी जुन्याच जागी राहील. पुढचं मापही जुन्याच जागेपासून.

थोडक्यात, रेषा कुठून सुरू होते आणि माप कुठून घेतलं जातं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेषा नेहमी पेन असेल तिथूनच निघते. एक प्लस फक्त मापाची खुंटी हलू देत नाही.

दोन सेंटिमीटर बाजूचा चौरस दोन्ही प्रकारे लिहून पाहिला की फरक स्पष्ट होतो:

(०,०) -- ++(२,०) -- ++(०,२) -- ++(-२,०) -- सायकल

(०,०) -- +(२,०) -- +(२,२) -- +(०,२) -- सायकल

पहिल्या ओळीत प्रत्येक बाजू कशी जाते ते सांगितलं आहे. दुसऱ्या ओळीत प्रत्येक कोपरा पहिल्या कोपऱ्यापासून किती दूर आहे ते सांगितलं आहे. चौरस दोन्हीकडे तोच येतो.

चूक झाली तर काय होतं?

जिन्याच्या कोडमध्ये सगळीकडे दोनऐवजी एकच प्लस पडला, असं समजा. खुंटी (०,०) वरच राहते. पेन आधी (१,०) वर जातं, मग (०,१) वर, आणि त्याच दोन बिंदूंमध्ये ये-जा करत राहतं. कागदावर जिन्याऐवजी एक आडवी आणि एक तिरकी रेषा उमटते.

यावर टिक्झ कोणतीही तक्रार करत नाही, कारण कोड नियमाला धरूनच आहे. लाल अक्षरात संदेश येत नाही, फाइल व्यवस्थित तयार होते. जिन्याची मोडतोड निदान लगेच दिसते. पण मोठ्या आकृतीत एखादाच प्लस कमी पडला, तर ती नजरेतून सुटू शकते. म्हणून बदल केल्यावर तयार पान डोळ्यांनी तपासणं हाच उपाय.

एक प्लस कुठे उपयोगी?

एकाच केंद्रातून अनेक रेषा काढायच्या असतील, तेव्हा. दोन बिंदूंमध्ये रेघा दिल्या नाहीत, तर टिक्झ पेन उचलून पुढे नेतं, रेषा काढत नाही. त्यामुळे +(०,०) लिहिलं की पेन उचललं जाऊन खुंटीपाशी परत येतं:

(३,३) -- +(०:२) +(०,०) -- +(६०:२) +(०,०) -- +(१२०:२)

इथे (३,३) पासून दोन सेंटिमीटर लांबीचे तीन किरण निघतात. केंद्र हलवायचं असेल, तर फक्त पहिला कंस बदलायचा.

कोन आणि अंतर

वरच्या उदाहरणात कंसात स्वल्पविरामाऐवजी विसर्गासारखं चिन्ह आहे. हे ध्रुवीय निर्देशक. आधी कोन, मग अंतर. कोन उजव्या बाजूच्या आडव्या रेषेपासून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजतात.

सापेक्ष पद्धतीला ही जोड मिळाली की भूमितीचं काम सोपं होतं. चार सेंटिमीटर बाजूच्या समभुज त्रिकोणाचा तिसरा शिरोबिंदू निरपेक्ष पद्धतीत साधारण (२, ३.४६४) येतो, म्हणजे आधी वर्गमूळ काढा. सापेक्ष पद्धतीत एवढंच पुरतं:

(०,०) -- ++(०:४) -- ++(१२०:४) -- सायकल

रसायनशास्त्रात बेंझीनसाठी लागणारा सुसम षटकोनही असाच काढता येतो: ०, ६०, १२०, १८० आणि २४० अंशांच्या पाच समान चाली, आणि शेवटी सायकल.

शेवटी पहिला बिंदू पुन्हा लिहिण्याऐवजी सायकल का? नुसतं परत आलं, तर रेषेची दोन टोकं एकमेकांना भिडतात, पण कोपरा जोडला जात नाही. रेषा जाड असेल तर तिथे खाच दिसते. सायकल लिहिल्यावर आकृती नीट बंद होते.

ही कल्पना फक्त टिक्झची नाही

छपाईच्या पानांसाठी अडोबीने १९८०च्या दशकात आणलेल्या पोस्टस्क्रिप्ट भाषेतही निरपेक्ष आणि सापेक्ष रेषांसाठी वेगवेगळ्या आज्ञा आहेत. वेबसाइटवरची चिन्हं आणि लोगो ज्या एसव्हीजी स्वरूपात असतात, तिथे हा फरक अक्षराच्या आकारावरून ठरतो. आज्ञेचं अक्षर कॅपिटल असेल तर निरपेक्ष, स्मॉल असेल तर सापेक्ष. टिक्झमधल्या एका प्लससारखी खुंटी मात्र त्या सापेक्ष रेषांना नाही. तिथे माप नेहमी पेनच्या जागेपासूनच होतं.

वापरताना काय लक्षात ठेवावं?

आकृतीतले भाग एकापुढे एक येत असतील, उदाहरणार्थ जिना, विद्युत परिपथ किंवा बहुभुजाकृती, तर दोन प्लस वापरावेत. सगळं एकाच बिंदूभोवती असेल, तर एक प्लस. बिंदूंच्या जागा आधीच ठरलेल्या असतील, उदाहरणार्थ आलेखावरची निरीक्षणं, तर निरपेक्ष निर्देशकच योग्य.

सापेक्ष साखळीचा एक तोटाही आहे. मधली एक चाल चुकली, की तिच्यापुढचं सगळं चुकतं. त्यामुळे लांब साखळीत महत्त्वाच्या बिंदूंना नावं द्यावीत. टिक्झमध्ये वाटेतल्या कोणत्याही बिंदूला नाव देता येतं आणि पुढे त्या नावाने तिथे परतता येतं.

आकृती एकदाच काढून संपत नाही. पुढच्या वर्षी आकडे बदलतात, आवृत्ती बदलते, अनेकदा ती दुरुस्त करणारी व्यक्तीही बदलते. 'एक उजवीकडे, एक वर' असं लिहिलेलं असेल, तर त्या व्यक्तीला नेमका कोणता आकडा बदलायचा, हे कोडच सांगतो.