आतड्याचा निरोप

मधुमेहाचा इतिहास म्हटला की १९२१ साल आणि टोरोंटोचे इन्सुलिन एवढेच बहुतेकांच्या स्मरणात असते. त्या शोधाने लक्षावधी जीव वाचविले, यात वाद नाही. पण त्याच्या तेजात एक जुना प्रश्न झाकोळून गेला. आज आम्ही बोलणार आहोत तो त्याविषयी.

१९०२ च्या जानेवारीत लंडन येथे बेलिस आणि स्टार्लिंग यांनी बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्हीकडून बांधून घेतला, त्याकडे जाणारे मज्जातंतू तोडले, फक्त रक्तवाहिन्या राखल्या आणि आत आम्ल सोडले. स्वादुपिंडाला हुकूम मज्जातंतूंकडूनच मिळतो, अशी पाव्हलॉव्हची शिकवण होती. पण तारा तुटूनही स्वादुपिंड पाझरू लागले! निरोप रक्तातून गेला होता. (आम्हां संघटनेच्या माणसांना याचे नवल नाही. टेलिफोन कापला म्हणून संपाची बातमी शेजारच्या गिरणीत पोचायची थोडीच राहते?) त्या निरोप्याला त्यांनी सिक्रेटिन हे नाव दिले.

मग साखर आवरणारा स्रावही आतडेच चाळवीत असेल काय? १९०६ साली लिव्हरपूलला मूर व त्याचे सहकारी यांनी मधुमेही रोग्यांना आतड्याच्या अस्तराचा अर्क पाजून पाहिला. पुढे १९३२ मध्ये ला बार याने या अज्ञात द्रव्याला 'इन्क्रेटिन' म्हटले. पण रक्तातले इन्सुलिन मोजायचे साधनच नव्हते, तेव्हा सारे तर्कावर राहिले. हे मोजमाप १९६० साली यालो आणि बर्सन यांनी साधले. आणि १९६४ मध्ये मॅकिंटायर प्रभृतींनी दाखविले की तीच ग्लुकोज शिरेतून देण्याऐवजी आतड्यात सोडली तर इन्सुलिन अधिक स्रवते.

आमच्या कामगारांना दवाखान्यात हटकून ऐकावे लागते, "गोड खातोस, म्हणून भोगतोस." १९८६ साली नाउक व सहकाऱ्यांना प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात आतड्याच्या या निरोपाचा परिणामच मंदावलेला आढळला. हे त्या डॉक्टरांच्या कानी घालावे, असे आम्हांला फार वाटते. जिभेवर सारा गुन्हा लादणे सोपे असते.

पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, जीएलपी-१ हा आतड्यातला निरोप्या इन्सुलिन स्रवायला लावतो हे सिद्ध झाले. साखर वाढलेली असली तरच तो जोर धरतो, ही त्याची मोठी खुबी. शरीरात मात्र तो काही मिनिटांत नष्ट होतो. त्याच्यासारखे, पण टिकाऊ द्रव्य सापडले ते अमेरिकेतल्या गिला नावाच्या विषारी सरड्यात! त्यावरून बनविलेल्या औषधाला २००५ साली तिथे मान्यता मिळाली. ते दिवसातून दोनदा टोचून घ्यावे लागे.