केसरी किती आणि गदा किती

असोदा म्हटले की मराठी वाचकाला बहिणाबाई चौधरींचे माहेर आठवते. पण असोद्याचा माणूस जसा गाण्याचा शौकीन, तसाच कुस्तीचाही. आणि असोदाच कशाला, तापीकाठचे कोणतेही गाव घ्या. यात्रा भरली, गुळाच्या शेवेची दुकाने लागली, की दुपार कलताना लोक मैदानाकडे वळतात. हलगी कडाडते. आधी नारळावर आणि रेवड्यांवर पोरासोरांच्या कुस्त्या, मग रोख इनामाच्या, आणि दिवस मावळता मावळता शेवटची मानाची जोड. या जोडीतला एखादा गडी नामांकित केसरी असतो. समजा, तो त्या दिवशी चितपट झाला. मग त्याची केसरीची गदा हरवली का? वाचकहो, मुळीच नाही. गदा त्याच्या घरी खुंटीला तशीच राहते. हे असे का, आणि दुसऱ्या देशांत याच प्रश्नाने काय घोटाळे केले, ते पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडच्या केसरीपदाचा इतिहास फार जुना नाही. संस्थानिकांच्या काळी 'रुस्तम-ए-हिंद' हा मोठा किताब होता. गामा पहिलवान 1910 साली लंडनला गेला. 10 सप्टेंबरला पोलंडच्या झ्बिस्कोशी त्याची कुस्ती लागली. झ्बिस्को जवळजवळ तीन तास जमिनीला चिकटून राहिला, म्हणून ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात पुन्हा गाठ ठरली, तर झ्बिस्को आलाच नाही. 'जॉन बुल' पट्टा गामाला मिळाला तो असा. 1928 साली पतियाळाला दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत आस्मान दाखवले. लोकांच्या तोंडी राहिली ती ही दुसरी कुस्ती.

स्वातंत्र्यानंतर राजेरजवाडे गेले आणि संस्था आल्या. मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने 1953 साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. 1958 साली 'हिंद केसरी' सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी दिल्लीत श्रीपती खंचनाळे यांनी बंतासिंगाला हरवून ती महाराष्ट्रात आणली. 1961 साली औरंगाबादला 'महाराष्ट्र केसरी'चा आरंभ झाला आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. आता खान्देशच्या वाचकांनी कान टवकारावे. पुढच्याच वर्षी, 1962 साली, ही स्पर्धा धुळ्याला भरली व भगवान मोरे केसरी झाले. चार वर्षांनी, 1966 साली, मान जळगावला मिळाला. त्या वर्षीची गदा दीनानाथ सिंह यांनी घेतली. मूळचा काशीकडचा गडी, कोल्हापूरच्या तालमीत तयार झालेला, आणि महाराष्ट्राचा केसरी झाला तो जळगावात! असोद्याहून जळगाव ते किती लांब? सायकलवर टांग टाकली की पोचलात.

आणखी एक गोष्ट सहज आठवली म्हणून सांगतो. 1952 साली हेलसिंकीला ऑलिंपिकचे कांस्यपदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांच्या नावापुढे यांतले एकही केसरीपद नाही. तेव्हा ही पदे निघालेलीच नव्हती. त्यावाचून त्यांचे काही अडले नाही.

आता मुष्टियुद्धाकडे वळू. तिथला किताब हा वर्षाचा नसतो. तो मालकीचा असतो. ज्याने विजेत्याला हरवले त्याच्याकडे पट्टा जातो. शेत गहाण टाकून जुगार खेळावा तशीच गोष्ट. मग विजेत्याने एरवी पोट कसे भरायचे? यावर तोड निघाली ती बिनकिताबाच्या लढतींची. पट्टा पणाला न लावता लढायचे, पैसे घ्यायचे, हरलो तरी पट्टा घरीच. कित्येकदा ठरल्या वजनापेक्षा जास्त वजनावर सामना लावला की काम भागे. 1963 च्या डिसेंबरात एमिल ग्रिफिथ या विजेत्याला रूबिन कार्टरने पहिल्याच फेरीत लोळवले, तरी ग्रिफिथचा पट्टा त्याच्याकडेच राहिला. 1972 साली रोबेर्तो दुरान हा विजेता न्यूयॉर्कात एस्तेबान दे हेसूसकडून हरला. तीही बिनकिताबाची लढत. पण लोक का थांबतात? खरा विजेता कोण, ही चर्चा दीड वर्ष चालली, आणि अखेर 1974 साली पट्टा पणाला लावून दुरानला त्याला हरवावे लागले. बिनकिताबाच्या लढतीचा असा एक धाक होता.

पुढे हा धाक गेला. का गेला? पट्टेच इतके झाले की प्रत्येक लढतीला एखादा लावता येऊ लागला. 1938 साली हेन्री आर्मस्ट्राँगने एकाच वेळी तीन वजनांचे जगज्जेतेपद धारण केले, तेव्हा जगात वजनगट होते अवघे आठ. आज सतरा आहेत, काही संस्था तर अठरा मानतात. संस्थाही वाढल्या. 1921 ची अमेरिकन संस्था 1962 साली 'वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन' झाली. 1963 साली 'वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल' निघाली. 1983 साली तिसरी, 1988 साली चौथी. सतरा चोक अडुसष्ट जगज्जेते! शिवाय 'अंतरिम' विजेता निराळा, 'सुपर' विजेता निराळा, खंडाखंडांचे तर विचारूच नका. गुपित सोपे आहे. किताबाच्या लढतीला मान्यता द्यायची तर संस्था खेळाडूच्या मोबदल्यातून आपले टक्के कापून घेते. जितके पट्टे तितके टक्के. आणि सामना भरवणाऱ्यालाही जाहिरातीत 'जगज्जेतेपदासाठी' असे छापता आले की तिकिटे खपतात.

आपली कुस्ती या रोगापासून वाचली होती, याचे कारण केसरीपदाची घडणच वेगळी. ते परीक्षा पास झाल्यासारखे आहे. 1966 चा केसरी तो कायम 1966 चा केसरी. ते कोणी हिरावून घेऊ शकत नाही. म्हणून यात्रेतली प्रत्येक कुस्ती बिनकिताबाची असते आणि पैलवान मोकळेपणाने खेळतो. वाढले ते किताबांचे प्रकार. कुमार केसरी, कामगार केसरी, भारत केसरी, तालुक्याचे केसरी, जिल्ह्याचे केसरी. यांना हसणारे पुष्कळ आहेत. मी हसत नाही. पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम. शेतकऱ्याच्या घराला तो पेलत नाही. तालुक्याच्या गदेबरोबर चार पैसे येतात, पुढच्या यात्रेत इनाम चढते. 2023 च्या मार्चमध्ये सांगलीला महिला महाराष्ट्र केसरी सुरू झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. हा किताब वाढला तो चांगलाच वाढला. उलट साठ वर्षे उशीरच झाला.

खरी पंचाईत निराळी आहे. एकाच नावाच्या दोन गदा निघाल्या, तेव्हा ती सुरू झाली. मुष्टियुद्धात असोसिएशन आणि कौन्सिल, तसे इथे परिषद आणि संघ. 2023 च्या नोव्हेंबरात पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवून महाराष्ट्र केसरी पटकावली. त्याच महिन्यात धाराशिवला दुसरी महाराष्ट्र केसरी झाली, आणि तिथे हर्षवर्धन सदगीरला हरवून केसरी झाला तो शिवराज राक्षे! एका मैदानात अंतिम कुस्ती हरलेला गडी काही दिवसांत दुसऱ्या मैदानात केसरी. यात दोघाही पैलवानांचा दोष नाही. त्यांनी समोर आली ती कुस्ती केली. पण यात्रेतल्या म्हाताऱ्याने विचारले, 'यंदाचा केसरी कोण रे भाऊ?' तर काय सांगायचे?

जळगाव जिल्ह्याला हा प्रश्न जास्त टोचतो. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी 2014, 2015 आणि 2016 असा सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी झाला. त्याच्या आधी नरसिंग यादवने 2011 ते 2013 अशी तीन वर्षे गदा राखली होती. राज्याने विजयला पोलीस उपअधीक्षक केले. तेव्हा गदा वर्षाला एकच होती, म्हणून तीन गदांचा हिशेब कोणालाही कळत होता. सरकारलाही आणि सायगावलाही. उद्या एखाद्या पोराने तीन गदा आणल्या, तर आधी विचारतील, कुठल्या?

2025 साली पुन्हा तेच घडले. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला, आणि मार्चमध्ये त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला वेताळ शेळके.