लोकमान्यांचे एक वर्ष आणि विद्यार्थ्याचे ताट

लोकमान्य टिळकांनी कॉलेजातील पहिले वर्ष तालमीत घालविले, ही गोष्ट महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. स्नेहसंमेलनांतून आणि व्यायामशाळांच्या उद्‌घाटनप्रसंगी ती इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, तिच्यात आता नवे काही उरले असेल असे कोणाला वाटत नाही. ऐकणारा तिचा अर्थ एवढाच घेतो की, मनाचा निर्धार असला म्हणजे अशक्त शरीरही सशक्त होते. हा अर्थ खोटा नाही. परंतु तो अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील श्रोत्यांपुढे मांडणे आम्हांस विशेष अगत्याचे वाटते. कारण येथल्या विद्यार्थ्याला त्या अर्ध्या भागाचीच अधिक गरज आहे.

प्रथम मूळ हकीकत पाहू. १८७२ साली टिळक मॅट्रिक झाले आणि १८७३ च्या आरंभी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. वय सोळा-सतरा वर्षांचे. बुद्धी तीव्र, पण शरीर किरकोळ. हे शरीर पुढे काम देणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी ते पहिले वर्ष शरीर कमावण्यासाठी खर्ची घालावयाचे ठरविले. कुस्ती, जोर-बैठका, पोहणे आणि मुळा-मुठेत होडी वल्हविणे हा नित्याचा कार्यक्रम झाला. त्याच्या जोडीला खुराकही वाढविला. अभ्यासात एक वर्ष मागे पडले, त्याचे त्यांनी दुःख केले नाही. पुढे बी. ए. च्या परीक्षेत ते पहिल्या वर्गात आले आणि १८७९ साली एल्‌एल्. बी. झाले. १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात, मधुमेहासारखा विकार अंगात असताना, ते तग धरून राहिले आणि तेथेच त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहून काढले. त्या तग धरण्याची पूर्वतयारी डेक्कन कॉलेजातल्या तालमीत झाली होती, असे मानण्याचा प्रघात आहे आणि तो गैरही नाही.

आता या हकीकतीचा हिशेब मांडून पाहावा. त्या एका वर्षाला काय काय लागले? निर्धार लागला, हे तर खरेच. परंतु त्याखेरीज तीन गोष्टी लागल्या : मोकळा वेळ, पोटभर आणि कसदार अन्न, आणि एक वर्ष वाया गेले तरी घर बुडणार नाही अशी स्थिती. टिळकांचे वडील गंगाधरपंत शिक्षणखात्यात डेप्युटी इन्स्पेक्टर होते. ते १८७२ साली वारले. पण मुलाच्या शिक्षणापुरती तजवीज मागे ठेवून गेले. ती तजवीज नसती, तर तोच निर्धार, तीच तालीम आणि तीच नदी असूनही ते वर्ष तसे गेले असते काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयास दूर जावे लागत नाही. त्याच कॉलेजात, टिळकांच्याच वयाचा दुसरा एक विद्यार्थी शिकत होता. गोपाळ गणेश आगरकर हे टिळकांप्रमाणेच १८५६ साली जन्मले. कराडजवळच्या टेंभू गावचे हे दरिद्री घर. मिळेल ते काम करीत, नातलगांच्या आश्रयाने शिकत ते १८७५ साली मॅट्रिक झाले आणि डेक्कन कॉलेजात आले. एकच सदरा रात्री धुवावयाचा आणि सकाळी तोच अंगात घालावयाचा, हे त्यांच्या विद्यार्थिदशेचे चित्र प्रसिद्ध आहे. त्यांच्या ठिकाणी निर्धाराची वाण होती, असे कोण म्हणेल? परंतु दमा त्यांच्या पाठीस लागला तो कायमचा. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर या दोघांनीही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. त्यांपैकी टिळक चौसष्ट वर्षे जगले. आगरकर १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी न करता, निवर्तले. दमा केवळ उपासाने जडतो असे आम्ही म्हणत नाही. दोन आयुष्यांची तुलना अशी सरळ रेघेने करताही येत नाही. तथापि एकाला शरीरासाठी एक वर्ष काढता आले आणि दुसऱ्याला एक सदराही जादा घेता आला नाही, एवढी वस्तुस्थिती नजरेआड करून केलेला व्यायामाचा उपदेश पोकळ होय.

ही गोष्ट ज्यांना उमगली, त्यांनी शाळेबरोबर चुलीचाही विचार केला. जुन्या पुण्यात गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून किंवा माधुकरी मागून जेवीत. आज या घरी, उद्या त्या घरी; मिळेल ते आणि मिळेल तेवढे. बहुजनसमाजातील मुलाला तर तेही दार बंद होते. शाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले आणि पुढे निरनिराळ्या जातींसाठी अशी वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीस बसविणारे वसतिगृह सुरू केले. त्या मुलांच्या पोटाला कमी पडू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. महाराष्ट्राच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण शाळा मोजतो; खरे म्हणजे पंगतीही मोजावयास हव्यात.

आता आपल्या तालुक्यांकडे वळू. माहुलीच्या पायथ्यापासून नाणेघाटाच्या तोंडापर्यंत पसरलेल्या या मुलखात अंगमेहनतीची उणीव कधीच नव्हती. घाट चढणारा, मोळी वाहणारा, चिखलात भात लावणारा माणूस व्यायाम वेगळा कशाला करील? उणीव होती ती ताटात. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत राब भाजून नागली आणि वरी पिकवावयाची, खाचरात भात, बांधावर उडीद किंवा वाल, आणि पावसाळ्यात शेवळे, टाकळा, कंटोळी, फोडशी या रानभाज्या व ओढ्यातले खेकडे-मासे, असा येथला आहार होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने जंगले राखीव केली, तेव्हा राबासाठी तोडावयाच्या फांद्यांवर बंधने आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत त्याविरुद्ध एवढा असंतोष माजला की, सरकारला १८८५ साली मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. जंगलाचा प्रश्न हा येथे ताटाचाच प्रश्न होता.

हे ओळखणारा एक माणूस आपल्याच मातीत निपजला. माथेरानचे भाई कोतवाल हे सिद्धगडचे हुतात्मे म्हणून आपण जाणतो. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात धारातीर्थी पडले. परंतु हाती बंदूक घेण्यापूर्वी या वकिलाने दोन कामे केली होती. एक, खेड्यापाड्यांतून स्वयंसेवी शाळा काढल्या. दुसरे, धान्यकोठ्या उघडल्या, म्हणजे पावसाळ्यात घरचे दाणे संपले की शेतकऱ्याला खावटीसाठी सावकाराच्या दारी जावे लागू नये. शाळा आणि कोठी, पाटी आणि दाणा, ही जोडी त्यांनी मनाशी पक्की बांधली होती. ती जोडी तोडली की काय होते, ते आज आपण पाहतो आहो.

आज शाळेतले मध्यान्ह भोजन आठवीपर्यंत मिळते. मूल नववीत गेले की सरकारी ताट उचलले जाते. आणि नेमक्या त्याच वयात शरीर झपाट्याने वाढत असते. पाड्यावरचा मुलगा पहाटेची एस. टी. धरून मुरबाडला किंवा आसनगावहून लोकल धरून कल्याणला कॉलेजात जातो, तो पुष्कळदा कोऱ्या चहावर. दुपारी वडापाव. रात्री घरी भात आणि पातळ आमटी. वसतिगृहात राहणाऱ्याची स्थिती त्याहून बरी असावी अशी अपेक्षा. पण २०१८ साली आदिवासी वसतिगृहांतील खानावळी बंद करून भोजनाचे पैसे खात्यावर जमा करण्याचे धोरण आले, तेव्हा विद्यार्थी पुण्याहून नाशिकला पायी निघाले होते. आम्हांला पैसे नकोत, शिजलेले अन्न द्या, ही त्यांची मागणी होती. पैसा उशिरा येतो आणि घरच्या नडीत खर्चून जातो. ताटातले अन्न मात्र पोटातच जाते, हे त्या मुलांना अर्थशास्त्र न शिकता कळले होते.

मग अशक्त विद्यार्थ्याने व्यायाम करू नये काय? अवश्य करावा; मात्र क्रम उलटा करू नये. टिळक आपल्या सोबत्यांच्या औषधांच्या बाटल्या फेकून देत आणि तालमीत चला म्हणत, अशी आख्यायिका आहे. त्या काळच्या बाटल्यांत काय असे, हे पाहता ते ठीकही असेल. आज तसे करू नये. आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे. आपल्या भागात रक्तक्षय पुष्कळ आहे, आणि आदिवासी समाजात सिकलसेलचा विकार आढळतो. अशा मुलाने एकदम दमछाक केली आणि पाणी पोटात नसले, तर जिवावर बेतू शकते. त्यानंतर अन्न. त्यासाठी शहरातल्या डब्यातली पूड विकत घेण्याचे कारण नाही. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदळात दहाच्या आसपास. ज्या भाकरीची आपल्याला लाज वाटू लागली, तिची पाकिटे आता शहरात चढ्या भावाने विकली जातात. नागलीची भाकरी, वालाचे बिरडे, एखादे अंडे किंवा मूठभर शेंगदाणे, एवढे सकाळी पोटात गेले की मग व्यायाम. तोही पहिल्या दिवशी शंभर जोरांचा नव्हे. दोन-चार सूर्यनमस्कार, थोडे चालणे, आठवड्याने थोडी वाढ. अंगाला घाम यावा, डोळ्यांपुढे अंधारी येऊ नये, एवढे माप पुरे.

परंतु हे सारे एकट्या विद्यार्थ्यावर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. ज्या गावाने वर्गणी काढून व्यायामशाळा बांधली, त्या गावाने तिच्या शेजारी भाई कोतवालांची कोठी नव्या रूपात उघडावी. ज्या कॉलेजात क्रीडांगण आहे, तेथे सकाळी एक भाकरी आणि एक वाटी उसळ माफक दरात मिळावी. एवढे झाले, तर येथलाही एखादा किरकोळ मुलगा आपले एक वर्ष शरीरासाठी देऊ शकेल. त्याला निर्धार शिकविण्याची गरज नाही, पहाटेची एस. टी. धरण्यात तो रोजच दिसतो. त्या निर्धाराला भाकरीची जोड देणे, एवढेच आपले काम आहे.