केबलवरचा बाण कुठून आला?

नेरूळहून एका दोस्ताची व्हॉइस नोट आलीये. "दादा, ॲम्प्लिफायरच्या केबलवर बाण छापलाय. मी वर्षभर ती उलटी लावून ऐकत होतो! दुकानदार म्हणतो, आता चौपट महागातली घे."

थांब रे, पैसे काढू नकोस. आधी १८८२ मध्ये जाऊन येऊ.

त्या वर्षी मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. खाडीच्या आपल्या बाजूला तेव्हा आगरी-कोळ्यांची गावं, भातशेती आणि मिठागरं होती. आता फोनची गंमत बघा. एक माणूस बोलतो, दुसरा उत्तर देतो, आणि दोघांचेही आवाज त्याच तारेवरून जातात. तारेला स्वतःची दिशा असती, तर दोघांपैकी एकाला कायम खराब ऐकू आलं असतं!

कारण साधं आहे. केबलमधला आवाज नळाच्या पाण्यासारखा एकाच दिशेने वाहत नाही. ४४० हर्ट्झचा सूर असेल, तर प्रवाह सेकंदाला ४४० वेळा पुढे जातो आणि तितक्याच वेळा मागे येतो. तांब्याला दोन्ही दिशा सारख्याच.

तेव्हाच्या इंजिनिअरांचा खरा शत्रू वेगळा होता: बाहेरून घुसणारा गोंगाट. सुरुवातीच्या लाइनींना बऱ्याचदा एकच तार असायची, परतीला जमीन. शेजारच्या टेलिग्राफची खटखट फोनमध्ये ऐकू यायची. म्हणून ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये एकमेकींत पिळलेल्या दोन तारांचं पेटंट घेतलं. दोन्ही तारांत गोंगाट जवळपास सारखाच शिरतो, आणि फोन दोघींतला फरक तेवढा ऐकतो. गोंगाट वजा!

वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात माइक लागतो, तेव्हा त्याच्या केबलमागेही हीच युक्ती असते. वर तारांभोवती एक जाळी. आणि कंडेन्सर माइक असेल, तर आवाज मंचावरून मिक्सरकडे जातो आणि त्याला लागणारी ४८ व्होल्टची वीज त्याच तारांतून उलटी येते. एकाच वेळी!

मग बाण कशाला? काही केबलींमध्ये ही जाळी मुद्दाम एकाच टोकाला जोडतात, म्हणजे जाळीतून गुणगुण आणणारा प्रवाह वाहत नाही. दोन टोकं वेगळी झाली, म्हणून खूण. हा बाण प्रामाणिक आहे. तो जोडणीबद्दल सांगतो, तांब्याबद्दल नाही.

पण १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून घरच्या म्युझिक सिस्टिमसाठी महागड्या केबलींचा वेगळा बाजार उभा राहिला. तिथे तांब्याच्या कणांनाच दिशा असते, असंही सांगितलं जाऊ लागलं. तिथून बाण विकायला लागला.

एक अपवाद लक्षात ठेवा. ऑप्टिकल एचडीएमआय केबलच्या दोन टोकांत वेगवेगळे चिप असतात. ती उलटी लावली तर चित्रच येत नाही.

तर मित्रा, बाण ॲम्प्लिफायरच्या दिशेने कर, गुणगुण कमी झाली तर उत्तम. नाहीतर आवाज बंद करून मित्राला केबल फिरवायला सांग, आणि न बघता ओळख. दहा वेळा. फरक कळला नाही, तर ते पैसे खिशातच राहू दे.

भेटूया पुढच्या भागात!